रकाना सात

रकाना सात : दर तासाला उत्पादन, नगांमध्ये.
त्यापुढे दोन बोटं जागा.
एवढ्यात माझं आडनावसुद्धा मावत नाही.

अर्जामागे मला अडतीस रुपये,
गाडीभाडं ज्याचं त्यानं.
निमकर साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं,
गोष्टी ऐकत बसू नका, आकडा घ्या आणि निघा.

साकीनाक्याला, खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत
पत्र्याच्या पोटमाळ्याखाली इस्माईल खरादी
पितळेचे बुश काढतो.
विचारलं तरी लेथ थांबवली नाही त्यानं,
मान वाकडी करून डावा कान पुढे केला.
उजवा मशीनला दिला, म्हणाला, बारा वर्षं झाली.
तासाला नव्वद.
टूल तुटलं तर?
तर चहा.
मी नव्वद लिहिलं.
चहाला रकाना नव्हता.

ससून डॉकला पहाटे साडेपाचला
हेमलाबाई राठोड कोळंबी सोलत होती,
उकिडवी, डाव्या हाताशी बर्फ.
पैसे तपेल्यामागे मिळतात,
तासाचं तिला काही सांगता येईना.
बाई, पहिला तास लांब असतो, म्हणाली,
मग बोटंच राहत नाहीत,
तास कुठला?
मागे सालांचा ढीग, गुडघाभर.
आणि हे कोण मोजतं?
मी सूचनापत्रक उलटंपालटं केलं.
परिशिष्ट ब मध्ये टाकाऊ माल होता,
पण तो फक्त नोंदणीकृत कारखान्यांसाठी.
सहीच्या जागी तिनं अंगठा दिला.
शाई राहू दे, म्हणाली, असाच उमटेल.
उमटला.

मालाडला, काचेच्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर
क्लिंटन डिमेलोनं सगळे रकाने
एका दमात सांगितले, दशांशासकट.
सरासरी कॉल तीनशे बारा सेकंद,
लघवीला दिवसाची सोळा मिनिटं,
तीही नोंदलेली.
इतका स्वच्छ अर्ज माझ्या पिशवीत दुसरा नव्हता.
निघताना त्यानं घड्याळ पाहिलं.
मॅडम, माझ्यावर तुम्ही तेवीस मिनिटं घालवलीत.
टार्गेट काय तुमचं?
लिफ्ट समोर उघडी होती,
तरी मी जिन्यानं उतरले.

परळच्या इस्पितळात मागच्या वॉर्डला बारा खाटा.
शेवंती जाबरे, आया, कंत्राटी.
काम काय? कूस बदलते, दर दोन तासांनी, सगळ्यांची.
आणि उत्पादन?
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग एका म्हाताऱ्याची चादर सरकवून
त्याची पाठ माझ्यापुढे केली.
सात महिने झोपून आहे.
पाठ कोरी.
कुठे चट्टा नाही, साल निघालेलं नाही,
पावडरचा वास तेवढा.
हे लिहा, म्हणाली.

साहेबांना फोन लावला.
शून्य टाकू नका हं, सिस्टीम शून्य घेत नाही.
मग काय टाकू?
एक टाका.
मी एक टाकला.

जेवताना डोक्यात हिशेब सुरू झाला.
बारा तासांची पाळी, एकेकाला सहा वेळा,
बहात्तर कुशी.
तासाला सहा!
येत होतं की उत्तर, सरळ भागाकार होता.
खरकट्या हातानं उठले, अर्ज काढला.
खाडाखोड केलेला अर्ज बाद होतो,
अडतीस रुपये जातात.
अर्ज परत पिशवीत ठेवला,
हात धुतला.

महिनाअखेरीला चारशे सहा अर्ज जमा केले.
आता वर कुठेतरी
बुश, कॉल, कूस आणि कोळंबी
एकाच रेघेखाली बसतील.
काउंटरवरच्या वावीकरांनी मोजता मोजता
एक कागद चिमटीत धरून बाजूला काढला.
याला वास मारतोय हो.
प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर गाठ मारली,
दुसरी गाठ मारली,
आणि गठ्ठ्यावर ठेवून दिला.

आठवड्यानं पैसे न्यायला गेले
तर दोन्ही गाठी तशाच होत्या.
पंखा फुल,
खिडक्या उघड्या,
आणि वावीकर नाकाला रुमाल लावून
सरासरी काढत होते.